विमानमार्गांवरचे नियम आणि त्यांची न दिसणारी किंमत

समीकरण (धागाकर्ती)

मुंबई–दिल्ली मार्गावर विमानं उडवायची असतील तर ईशान्येकडे, काश्मीर-लडाखकडे, अंदमानकडेही थोडी उडवा, अशी अट भारतातल्या विमान कंपन्यांवर मार्च १९९४ पासून आहे. रूट डिस्पर्सल गाइडलाइन्स हे तिचं नाव. कुणी तिला सामाजिक जबाबदारी म्हणतं, कुणी जाच म्हणतं. दोन्ही बाजूंच्या मांडणीत मला एकच गोष्ट खटकते: ही अट नेमकी किती रुपयांची आहे हे कुणी सांगत नाही. आणि ते काढता येतं. त्यासाठी फार मोठं गणितही लागत नाही, म्हणून हा धागा.

आधी अट नीट बघू. १९९४ च्या आदेशात मार्गांचे गट पाडले. पहिल्या गटात महानगरांना जोडणारे बारा मार्ग: मुंबई–दिल्ली, मुंबई–बेंगळुरू, दिल्ली–कोलकाता, कोलकाता–चेन्नई वगैरे. दुसऱ्या गटात ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप इथल्या विमानतळांचे मार्ग. उरलेले सगळे तिसऱ्या गटात. कंपनी पहिल्या गटात जितकी आसन-किलोमीटर क्षमता लावेल (आसनं गुणिले अंतर), तिच्या किमान १० टक्के दुसऱ्या गटात आणि किमान ५० टक्के तिसऱ्या गटात लावायची. शिवाय दुसऱ्या गटातल्या क्षमतेचा दहावा हिस्सा त्या प्रदेशांच्या आतल्या आत उडवायचा. २०१६ च्या नागरी विमान वाहतूक धोरणाने पहिल्या गटासाठी निकष ठरवले (७०० किमीहून जास्त अंतर, सरासरी ७० टक्क्यांहून जास्त आसनं भरलेली, वर्षाला ५ लाखांहून जास्त प्रवासी) आणि तिसऱ्या गटाची टक्केवारी ५० वरून ३५ केली. खालच्या उदाहरणात मी जुने आकडे घेते, हिशेबाला सोपे आहेत.

एक कल्पित कंपनी घ्या. महिन्याला १७० कोटी आसन-किलोमीटर इतकी तिची ताकद. पहिल्या गटात एका आसन-किलोमीटरमागे ४० पैसे नफा, तिसऱ्या गटात १० पैसे नफा, दुसऱ्या गटात ५० पैसे तोटा. महानगरांच्या विमानतळांवर स्लॉट (उतरायच्या-उडायच्या ठरलेल्या वेळा) मर्यादित, त्यामुळे पहिल्या गटात १०० कोटींपेक्षा जास्त क्षमता लावताच येत नाही.

अट नसेल तर कंपनी १०० कोटी पहिल्या गटात आणि ७० कोटी तिसऱ्या गटात लावेल. नफा ४० कोटी अधिक ७ कोटी, एकूण ४७ कोटी रुपये. अट आली की १० कोटी दुसऱ्या गटात जातात, तिसऱ्यात ६० कोटी उरतात. नफा ४० वजा ५ अधिक ६, म्हणजे ४१ कोटी. अटीची किंमत महिन्याला ६ कोटी रुपये.

इथवर बेरीज-वजाबाकी. यापुढची गंमत मला जास्त महत्त्वाची वाटते. कंपनीला महानगरात आणखी एखादा स्लॉट मिळाला, तर वाढीव एका आसन-किलोमीटरमागे तिला काय मिळेल? अट नसताना तिसऱ्या गटातली क्षमता तिकडे हलवायची, ४० वजा १० म्हणजे ३० पैसे. अट असताना सोबत ०.१ दुसऱ्या गटातही लावावं लागतं, म्हणजे तिसऱ्या गटातून १.१ काढावं लागतं. हिशेब ४० वजा ५ वजा ११, म्हणजे २४ पैसे. फरक ६ पैशांचा.

म्हणजेच ही १० टक्क्यांची अट महानगरी मार्गावरच्या प्रत्येक आसन-किलोमीटरवर ६ पैसे कर लावते. हा कर कोणत्याही अर्थसंकल्पात नाही, त्यावर संसदेत चर्चा नाही, तिकिटावर त्याची ओळ छापलेली नाही. आणि ती मोठी दिसणारी ५० टक्क्यांची अट? तिची किंमत शून्य. कंपनी तिसऱ्या गटात आपणहून ६० कोटी लावते आहे, ५० ची अट तिला कुठेच टोचत नाही. कागदावरची टक्केवारी पाहून अट किती कडक आहे हे कळत नाही, ते कळायला नफ्याचं समीकरण मांडावं लागतं.

२०१६ मध्ये छोट्या शहरांना विमानाने जोडणारी उडान योजना आली तेव्हा सरकारने हाच कर उघडपणे लावला. गर्दीच्या मार्गांवरच्या प्रत्येक उड्डाणामागे अंतरानुसार ७,५०० ते ८,५०० रुपये आकारणी ठरली आणि तो पैसा छोट्या मार्गांच्या तोट्याची भरपाई म्हणून द्यायचा. मुंबई–दिल्ली साधारण १,१५० किमी. १८० आसनांच्या विमानाला ८,००० रुपये म्हणजे आसनामागे ४४ रुपये, आसन-किलोमीटरमागे जेमतेम ४ पैसे. हा आकडा आपल्यासमोर आहे, त्यावर भांडता येतं. जुन्या अटीचा आकडा समोर नाही.

माझं म्हणणं इतकंच, की आडमार्गाला विमान हवं असेल तर त्याचा खर्च उघड आकारणीतून आणि उघड अनुदानातून करावा, टक्केवारीच्या अटीत लपवू नये. इथे या क्षेत्रातले लोक आहेत, त्यांना काय वाटतं ते वाचायला आवडेल.

वेळापत्रक

बरीच वर्षं विमान कंपनीच्या नेटवर्क प्लॅनिंगमध्ये (मार्ग आणि वेळा ठरवण्यात) काढली आहेत, कंपनीचं नाव राहू दे. उदाहरण बरोबर आहे, पण प्रत्यक्षात 'या मार्गावर तोटा ५० पैसे' असा आकडा टेबलावर तयार नसतो, त्यावरच निम्मी भांडणं होतात.

एक फेरी एकटी कधीच नसते. विमान सकाळी दिल्लीहून निघतं, गुवाहाटीला जातं, तिथून आणखी कुठे तरी, मग परत. दिब्रुगडहून बसलेला प्रवासी दिल्लीला उतरून पुढे जयपूरला जातो. त्याचं तिकीट कोणत्या फेरीच्या खात्यात धरायचं? अंतराच्या प्रमाणात वाटलं तर दिब्रुगडची फेरी तोट्यात दिसते. ती फेरी बंद केली तर जयपूरच्या विमानातलं आसनही रिकामं जाणार, हे धरलं तर तीच फेरी ठीकठाक दिसते. मी पाहिलेल्या बऱ्याच 'तोट्यातल्या' मार्गांचा तोटा निम्मा हिशेबाच्या पद्धतीतला होता.

नियोजन टप्प्याटप्प्याने होतं. आधी कुठे आणि दिवसातून किती वेळा उडायचं, मग वेळा, मग कोणत्या फेरीला कोणतं विमान, मग प्रत्येक विमानाची साखळी देखभालीच्या वेळेसकट, शेवटी वैमानिक आणि केबिन क्रू. सगळं एकत्र सोडवायला गेलं तर संगणकही हात टेकतो. नुसता 'कोणत्या फेरीला कोणतं विमान' हा टप्पासुद्धा केवढा असतो बघा: १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या डेल्टा कंपनीने कोल्डस्टार्ट नावाची प्रणाली बसवली. रोजच्या अडीच हजारांहून जास्त देशांतर्गत फेऱ्या, दहा प्रकारची सुमारे ४५० विमानं. गणितात साधारण ६०,००० चल आणि ४०,००० अटी. तीन वर्षांत ३० कोटी डॉलर वाचतील असा त्यांचा अंदाज होता. फेऱ्या त्याच, विमानं तीच, फक्त कुणी कुठे जायचं ते बदललं.

सरकारी नियम या सगळ्या टप्प्यांत शिरतात आणि धोरण लिहिणाऱ्याला कल्पनाही नसते अशा जागी परिणाम करतात. आपल्याकडे ८० पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत विमानाला लँडिंग शुल्क माफ केलं. क्यू ४०० हे टर्बोप्रॉप विमान त्याहून जास्त आसनं घेऊ शकतं, पण भारतात सुरुवातीला ते ७८ आसनांनी उडालं. त्यामागचं एक कारण हा नियम. ७९ च्या पुढचं प्रत्येक आसन आधी ते शुल्क भरून काढणार आणि मग कमावणार, मग ते बसवायचंच कशाला?

इंधनाचंही तसंच. विमानाच्या इंधनावरचा व्हॅट राज्याराज्यांत वेगळा. मग स्वस्त राज्यात जास्त इंधन भरून ते वाहून न्यायचं का, हे रोज मोजलं जातं. जादा इंधनाचं वजन वाहायलाही इंधन लागतं, ढोबळमानाने जादा इंधनाच्या तासाला ३ ते ४ टक्के. दोन राज्यांच्या करातला फरक त्याहून मोठा असेल तर विमान इंधन वाहत बसतं. राज्याला वाटतं कर वाढवला, महसूल वाढेल. आमच्याकडे एक आकडा बदलतो आणि विमानाची टाकी दुसऱ्या राज्यात भरते.

समीकरण

@वेळापत्रक, तुमच्या प्रतिसादाने धाग्याचं सोनं झालं. ७८ आसनांचं उदाहरण अगदी नेमकं. नियम कशासाठी केला याच्याशी गणिताला देणंघेणं नसतं, नियमाचं अक्षर पाळून सर्वात कमी खर्चात जे जमेल ते गणित शोधून काढतं.

ईशान्यवारा

नोकरीच्या निमित्ताने बराच काळ आसामात आणि त्रिपुरात राहतो आहे, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तुमच्या उदाहरणात दुसऱ्या गटापुढे 'तोटा ५० पैसे' लिहिलंय. हा तोटा कंपनीचा. पावसाळ्यात दरड कोसळून डोंगरातला रस्ता आणि रेल्वे दोन्ही बंद पडतात तेव्हा कोलकात्याला उपचारासाठी निघालेल्या माणसाला त्या आसनाची किंमत काय असते, हे कंपनीच्या समीकरणात कुठेच येत नाही. ते यायलाही नको, तिचं ते काम नाही. म्हणून तर बाहेरून अट लावावी लागते.

दुसरं, उघड अनुदानाला मुदत असते, अर्थखात्याची सही लागते, एखाद्या वर्षी पैसे नसले की ते पहिलं कापलं जातं. १९९४ पासून सरकारं आली-गेली, अट राहिली. लपलेला कर म्हणा हवं तर, पण तो लपलेला होता म्हणून टिकला. आम्हाला विमान मिळत राहिलं ते त्यामुळे. तुमच्या पारदर्शकतेची किंमत इकडच्या लोकांनी मोजायची का?

समीकरण

@ईशान्यवारा, तुमचा दुसरा मुद्दा मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. राजकीय टिकाऊपणा ही खरी गोष्ट आहे.

पण अट टिकली म्हणून ती तुमच्यापर्यंत पोचली का, हे तपासू. अट आसन-किलोमीटरमध्ये मोजली जाते. दिल्ली–गुवाहाटी साधारण १,४५० किमी. १८० आसनांच्या विमानाची एक फेरी म्हणजे २,६१,००० आसन-किलोमीटर. गुवाहाटी–सिलचर सुमारे २०० किमी. ७८ आसनांच्या लहान एटीआर विमानाची एक फेरी म्हणजे १५,६००. दिल्लीहून गुवाहाटीला एक विमान नेलं की सिलचरच्या सोळा-सतरा फेऱ्यांइतका कोटा एका झटक्यात भरतो.

आणि खर्च कशात आहे? आखूड फेरीत विमान वर चढतं तोवर उतरायची वेळ होते. इंधन चढतानाच जास्त जळतं, लँडिंगमागचा देखभालीचा खर्च तेवढाच, जमिनीवरचा अर्धा तास तेवढाच. म्हणजे नियमाने मोजमाप असं निवडलं की लांबची, सोयीची, जवळपास नफ्यातली फेरी भरपूर गुण मिळवते आणि ज्या आखूड फेरीसाठी हा खटाटोप, तिला चिमूटभर. दिल्ली–गुवाहाटी आणि दिल्ली–श्रीनगर हे मार्ग अट नसती तरी चालले असते. प्रदेशाच्या आतल्या फेऱ्यांसाठी वेगळी टक्केवारी ठेवली खरी, पण ती दहाचे दहा टक्के, म्हणजे पहिल्या गटाच्या एक टक्का.

अट ठेवायचीच असेल तर किलोमीटर सोडा. 'अमुक विमानतळावर आठवड्यातून किमान इतक्या फेऱ्या' असं लिहा. मग ती जिथे हवी तिथे टोचेल.

ईशान्यवारा

फेऱ्यांमध्ये मोजा, हे शंभर टक्के मान्य. इकडे सगळे हेच बोलतात. नकाशावर आम्ही गुवाहाटीला जोडलेले असतो आणि गुवाहाटीपर्यंत पोचण्यात दिवस जातो.

गणितमास्तर

निवृत्त प्राध्यापक आहे, ऑपरेशन्स रिसर्च (मर्यादित साधनं उत्तम कशी वापरायची याचं गणित) शिकवत असे. धागा वाचून फार आनंद झाला.

समीकरणताईंनी जी ६ पैशांची किंमत काढली, तिच्या मुळाशी शॅडो प्राइस, म्हणजे अटीची छुपी किंमत, आहे. अटी पाळून जास्तीत जास्त नफा शोधणाऱ्या अशा गणिताला लिनिअर प्रोग्रॅम म्हणतात. प्रत्येक लिनिअर प्रोग्रॅमला एक जोडीदार गणित असतं, त्याला ड्युअल म्हणतात, आणि त्यात प्रत्येक अटीची किंमत आपोआप मिळते. या उदाहरणात दुसऱ्या गटाच्या अटीची शॅडो प्राइस ६० पैसे: तिथे एक आसन-किलोमीटर जास्त लावा, ५० पैसे तोटा होतो आणि तिसऱ्या गटातले १० पैसे हुकतात. त्याचे १० टक्के म्हणजे ६ पैसे. जी अट टोचत नाही तिची किंमत शून्य, हा पूरकतेचा नियमही त्यांनी नाव न घेता सांगून टाकला.

विमानं आणि हे गणित यांची सोयरीक जुनी आहे. जॉर्ज डँट्झिग यांनी अशी गणितं सोडवायची सिम्प्लेक्स पद्धत १९४७ मध्ये मांडली तेव्हा ते अमेरिकी हवाई दलासाठी काम करत होते. १९५६ मध्ये त्यांनी फर्ग्युसन यांच्याबरोबर एक निबंध प्रसिद्ध केला, विषय होता मागणी अनिश्चित असताना कोणत्या मार्गाला कोणती विमानं द्यायची. म्हणजे आपण जे बोलतोय तेच.

धोरणाच्या बाजूने मात्र अमेरिकेचा अनुभव समीकरणताईंच्या बाजूला झुकतो. १९३८ पासून तिथे मार्ग आणि भाडी एक सरकारी मंडळ ठरवत असे. भाडं ठरलेलं, मग स्पर्धा कशात करायची? फेऱ्यांच्या संख्येत. ज्याच्या फेऱ्या जास्त त्याच्याकडे प्रवासी प्रमाणाबाहेर जास्त जातात, कारण प्रवासी वेळ पाहून कंपनी निवडतो. प्रत्येक कंपनी फेऱ्या वाढवत गेली आणि विमानं अर्धी रिकामी उडू लागली. गर्दीच्या मार्गांच्या कमाईतून छोट्या गावांच्या फेऱ्या निघायच्या. १९७८ मध्ये कायद्याने ही बंधनं उठवली आणि त्याच कायद्यात छोट्या गावांसाठी वेगळं, उघड अनुदान ठेवलं. मुदत दहा वर्षांची होती. ते अनुदान आजही चालू आहे.

@ईशान्यवारा, उघड अनुदान लगेच कापलं जातं या तुमच्या भीतीला हे एक उत्तर. गावागावातले लोकप्रतिनिधी ते कापू देत नाहीत.

कापूसकोंडा

वाचतेय. एक शंका. २०२० मध्ये लॉकडाऊननंतर विमानं सुरू झाली तेव्हा सरकारने भाड्याला वरची आणि खालची मर्यादा घातली होती. भाड्यावरची कमाल मर्यादा तर प्रवाशाच्या सरळ भल्याची ना? ऐनवेळी जावं लागणाऱ्याला लुबाडत नाहीत. पुन्हा का नाही आणत? सणासुदीला भाडी बघवत नाहीत.

वेळापत्रक

@कापूसकोंडा, चांगला प्रश्न. मर्यादा मे २०२० मध्ये आल्या आणि ३१ ऑगस्ट २०२२ ला उठल्या. तेव्हा फेऱ्यांच्या संख्येवरही मर्यादा होती, सुरुवातीला नेहमीच्या एक तृतीयांशच. त्या परिस्थितीत भाड्याला चाप लावणं मला योग्यच वाटतं. एरवीच्या काळात मात्र त्याचा उलटा फटका बसू शकतो, तो असा.

विमानात दोन प्रकारचे प्रवासी धरा: आधी बुकिंग करणारे, ४,००० रुपये देणारे, आणि ऐनवेळचे, १०,००० देणारे. स्वस्तवाले आधी येतात. त्यांना सगळी आसनं देऊन टाकली तर ऐनवेळच्यांना काही उरत नाही. राखून ठेवली आणि ते आलेच नाहीत तर रिकामी जातात. किती राखायची? १९७२ मध्ये ब्रिटनच्या बीओएसी कंपनीतल्या केन लिटलवुड यांनी याचा नियम दिला: पुढचं आसन महागात विकलं जाण्याची शक्यता गुणिले महाग भाडं, हे स्वस्त भाड्यापेक्षा जास्त आहे तोवर राखत जा.

इथे ४,००० भागिले १०,००० म्हणजे ०.४. ऐनवेळची मागणी सरासरी ४० आणि प्रमाण विचलन १५ धरलं तर सुमारे ४४ आसनं राखली जातात. आता कमाल भाडं ७,००० केलं. गुणोत्तर ०.५७ झालं. राखायची आसनं उरतात ३७. शिवाय भाडं उतरल्यामुळे ऐनवेळी येणारे वाढणार. म्हणजे वडील आजारी आहेत म्हणून आदल्या रात्री तिकीट शोधणाऱ्याला भाडं स्वस्त दिसेल, पण 'आसन उपलब्ध नाही' असंही जास्त वेळा दिसेल.

ज्या मार्गावर एकच कंपनी आहे आणि ती मनमानी करते, तिथे चाप हवाच. सगळीकडे सरसकट लावला तर ज्याच्यासाठी लावला त्याचंच आसन जातं.

कापूसकोंडा

असा विचार केला नव्हता. पण मग एकच कंपनी असलेल्या मार्गांवर तरी लावा ना. असे मार्ग कमी नाहीत.

वेळापत्रक

तिथे मी तुमच्याबरोबर आहे.

नवउतारू

उडानचा विषय निघालाच आहे तर तिकडचं वास्तवही येऊ दे. २७ एप्रिल २०१७ ला शिमला–दिल्लीबरोबर नांदेड–हैदराबादही सुरू झालं तेव्हा मराठवाड्यात केवढा आनंद होता. तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये, निम्मी आसनं त्या भाड्याला राखीव. पुढे काय झालं? कॅगच्या २०२३ च्या अहवालात आकडे आहेत. योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालंच नाही. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली. आणि मुदत संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत चालू राहिले फक्त ५४.

उघड अनुदान, उघड आकारणी, सगळं समीकरणताई म्हणतात तसं. तरी ७७४ चे ५४. मग चुकलं कुठे?

समीकरण

@नवउतारू, या आकड्यांना बगल देऊन माझी मांडणी उभी राहू शकत नाही, त्यामुळे नीट उत्तर देते.

न उडालेले ४०३ आणि उडून बंद पडलेले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं कारण बरंचसं गणिताच्या बाहेरचं आहे: विमानतळच तयार नाही, जमीन नाही, लहान विमानं भाड्याने मिळत नाहीत, कंपनीच बुडाली. अनुदान दिलं म्हणून धावपट्टी तयार होत नाही. इथे अटींची साखळी आहे आणि टोचणारी अट पैशाची नव्हतीच. शॅडो प्राइसच्या भाषेत सांगायचं तर पैशाची किंमत तिथे शून्याजवळ होती आणि धावपट्टीची किंवा मुंबईतल्या स्लॉटची प्रचंड. छोट्या गावाहून मुंबईला पोचणारं विमान मुंबईत उतरायला जागा मागतं, आणि ती जागा मोठ्या विमानाला दिली तर दुप्पट-तिप्पट प्रवासी येतात.

दुसरा प्रश्न योजनेच्या आखणीचा आहे आणि तिथे मला स्पष्ट दोष दिसतो. अनुदान तीन वर्षं, मग एकदम शून्य. कंपनीचं गणित छत्तीस महिन्यांवर मांडलं तर सदतिसाव्या महिन्यात निघून जाणं हेच उत्तर येतं. त्या काळात बाजार वाढवायला, जाहिरातीला, वेळ सुधारायला पैसा घालावा असं त्या गणितात काही नाही, कारण त्याचं फळ मुदतीनंतर मिळणार. अनुदान वर्षागणिक उतरतं ठेवलं असतं आणि प्रवासी टिकवल्याबद्दल काही भाग शेवटी दिला असता, तर उत्तर वेगळं आलं असतं.

आणि काही मार्ग कधीच नफ्यात येणार नाहीत. युरोपात अशा बेटांच्या आणि दुर्गम भागांच्या मार्गांना सार्वजनिक सेवा ठरवून निविदा काढतात, मुदत चार वर्षांपर्यंत, आणि गरज उरली असेल तर पुन्हा निविदा. तो मार्ग कधी तरी स्वतःच्या पायावर उभा राहील असं नाटक करावं लागत नाही. लक्षद्वीपला, अरुणाचलातल्या धावपट्ट्यांना हेच लागू पडतं. नांदेडचा प्रश्न तसा नाही, नांदेडला माणसं आहेत, व्यापार आहे, गुरुद्वारा आहे. या दोघांना एकाच तीन वर्षांच्या साच्यात बसवलं.

ईशान्यवारा

'पुन्हा निविदा' हे वाचून बरं वाटलं, पण माझी शंका तशीच आहे. निविदेला कुणी आलंच नाही तर? अट असली की कंपनीला यावंच लागतं. मोठे मार्ग हवे असतील तर इकडे या, एवढी ताकद निविदेत नाही.

समीकरण

निविदेला कुणी आलं नाही याचा अर्थ देऊ केलेली रक्कम कमी आहे. ती वाढवावी लागेल आणि किती वाढवली हे सगळ्यांना दिसेल. तो आकडा मोठा असेल तर असू दे. आगरतळ्याला विमान ठेवायला अमुक कोटी लागतात आणि देश ते देतो, हे उघड म्हणायला आपण का लाजावं?

ईशान्यवारा

लाज आम्हाला नाही. देणाऱ्याची नियत टिकेल का हा प्रश्न आहे. यावर आपलं एकमत होणार नाही असं दिसतंय, पण फेऱ्यांमध्ये मोजण्याचा मुद्दा दोघांनी मिळून कुठे तरी लेखी मांडू या.

समीकरण

नक्की. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

वेळापत्रक

मोजमापावरून आठवलं. युरोपात गर्दीच्या विमानतळांवर मोसमात किमान ८० टक्के वापरला नाही तर पुढच्या मोसमात स्लॉट जातो. २०२० च्या सुरुवातीला प्रवासी आटले तरी स्लॉट जाऊ नये म्हणून जवळपास रिकामी विमानं उडवली गेली. मार्चमध्ये युरोपीय संघाला नियम तात्पुरता थांबवावा लागला. नियमात 'वापर' म्हणजे उड्डाण एवढंच लिहिलेलं, विमानात कुणी बसलंय का हे नाही. कंपन्यांनी नियम तंतोतंत पाळला.

नवउतारू

मास्तर, मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. समीकरणताईंचं उदाहरण स्प्रेडशीटमधल्या सॉल्व्हरमध्ये घातलं, ४१ कोटी आले. पण विमानं पूर्ण संख्येत हवीत अशी अट घातल्यावर शॅडो प्राइसचा तक्ताच येत नाही. माझं काही राहिलंय का?

गणितमास्तर

शाब्बास, करून बघितलंस हे उत्तम. तुझं काही राहिलेलं नाही. पूर्णांकाची अट आली की ड्युअलचा तो सरळ अर्थ उरत नाही, म्हणून सॉल्व्हर तो तक्ता देत नाही. अशा वेळी अटीचा आकडा हलवून गणित पुन्हा पुन्हा सोडवायचं.

समज, दुसऱ्या गटात क्षमता चार-चार कोटींच्या गठ्ठ्यातच लावता येते, कारण एक अख्खं विमान तिकडे ठेवावं लागतं. अट १० टक्के असेल तर लागतात १० कोटी, पण लावावे लागतील १२. खर्च ६ कोटी रुपये नव्हे, ७.२ कोटी. आता अट ९ टक्के करून बघ: तरी १२ च. सवलत दिली आणि कंपनीचा एक पैसाही वाचला नाही. ८ टक्के केलीस की एकदम ८ कोटींवर येतं आणि २.४ कोटी रुपये वाचतात.

५ टक्क्यांपासून १५ टक्क्यांपर्यंत एकेक टक्क्याने सोडव आणि आलेख काढ, पायऱ्या दिसतील. मग गठ्ठा चारऐवजी एक कोटीचा करून पुन्हा काढ, म्हणजे लहान विमानं असलेल्या कंपनीला तीच अट किती वेगळी लागते ते कळेल. आलेख इथेच टाक, बघतो.